रंगाच्या आधीचं काम
(स्वयंपाकघरातलं जुनं कपाट आणि मांडणी घरच्या घरी रंगवण्याविषयी सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

आम्ही मीरा-भाईंदरहून बोलतोय. नाव ऐकलं की तुमच्या डोळ्यांपुढे उंच इमारती आणि भरलेली लोकल येत असेल. तेही खरंच आहे. २००२ साली इथे महानगरपालिका झाली. पण भाईंदर स्टेशनवरून पश्चिमेला समुद्राच्या दिशेने निघालात, की मुर्धा, राई, मोरवा लागतात, मग डोंगरी, चौक, पाली, उत्तन. मिठागरं दिसतात, वलांडीवर वाळत घातलेले बोंबील दिसतात. घराच्या मागच्या पडवीत अजून चूल आहे आणि स्वयंपाकघरात सासूबाईंच्या वेळचं जाळीचं कपाट आहे. आमचे गट याच घरांमधले. म्हणून आज बोलायचंय ते या कपाटाबद्दल.

जाळीचं कपाट तुम्हाला वेगळं सांगायला नको. लाकडाची चौकट, दारांना बारीक तारेची जाळी, आत तीन-चार फळ्या, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या. फ्रीज नव्हता तेव्हा दूध, कालवण, तळलेली मासळी सगळं यातच राहायचं. आता त्याचा रंग उडालाय, हात लावला तर चिकट लागतं, कडेला पोपडे सुटलेत. पाहुणे आले की आपण त्याच्यावर पडदा ओढतो.

आमच्या गटाच्या एका बैठकीत एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं, तर म्हणाल्या, "स्वयंपाकघरात नवीन कपाट घ्यायचंय, जुनं फार वाईट दिसतं." आम्ही चार जणी त्यांच्या घरी जाऊन ते कपाट बघून आलो. लाकूड सागाचं, सांधे घट्ट, वाळवीचा पत्ता नाही. वाईट होता तो फक्त वरचा रंग. आम्ही म्हटलं, कर्ज काढू नका, आपण सगळ्या मिळून हे रंगवू. आणि रंगवलं.

गणपतीपर्यंत तो रंग उतरला.

आज जे सांगणार आहोत, ते या फसलेल्या कामातून आम्ही शिकलेलं आहे. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या.

आमचं काय चुकलं

आम्ही ते काम मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात केलं, पाऊस यायच्या आत उरकायचं म्हणून. कपाट ओल्या फडक्याने पुसलं, डबा उघडला आणि दोन दाट हात मारले. दुसऱ्या दिवशी कपाट इतकं सुंदर दिसत होतं की आम्ही त्याच्याबरोबर फोटो काढले. श्रावणात त्याला फोड आले. भाद्रपदात नखाने ओढलं तर रंगाची पूर्ण पट्टी निघून आली, जशी दुधावरची साय निघते.

गटातल्या एका ताईंचे सासरे होडीच्या डागडुजीतले जुने जाणते. त्यांनी ती पट्टी हातात घेतली, उलटी करून बोटाने चोळली आणि म्हणाले, "बाय, तुमचा रंग लाकडाला लागलाच नाही. तेलाला लागलाय."

आम्हाला तेव्हा उमगलं. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. नारळी पौर्णिमेच्या आधी त्या नव्यासारख्या रंगलेल्या दिसतात, पण त्याआधीचे कितीतरी दिवस त्या घासल्या जातात, गोड्या पाण्याने धुतल्या जातात, फटी भरल्या जातात, पावसाने उघडीप दिली की वाळवल्या जातात. रंग सगळ्यात शेवटी. हे आम्ही लहानपणापासून बघत आलो आणि स्वतःच्या घरातल्या कपाटाला मात्र ते लावलं नाही.

स्वयंपाकघरातल्या प्रत्येक वस्तूवर फोडणीच्या वाफेचा थर बसतो. तेलाचे बारीक कण वाफेबरोबर उडतात, थंड लाकडावर बसतात, त्यावर धूळ बसते. पुसल्याने तो पसरतो, निघत नाही. समुद्राकाठी आणखी एक गोष्ट असते, खारी हवा. मिठाचे कण लाकडावर आणि लोखंडावर बसतात. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, हे आपल्या मिठाच्या बरणीत पावसाळ्यात आपण बघतोच. रंगाच्या खाली मीठ राहिलं तर तिथे ओल धरते आणि फोड येतात. तुमचं गाव समुद्रापासून दूर असेल तर मिठाची काळजी नको. पण तेलाचा थर सगळ्या महाराष्ट्रात सारखाच.

कोणतं रंगवायचं, कोणतं नाही

आधी वस्तू रिकामी करून उजेडात आणा. सुरीचं टोक लाकडात हळूच दाबून बघा, विशेषतः पायांपाशी. टोक सहज आत गेलं तर लाकूड आतून कुजलंय किंवा वाळवीने पोखरलंय. त्याला रंग वाचवू शकत नाही. तेवढा पाय किंवा फळी सुताराकडून बदलून घ्या, मगच पुढचं काम.

प्लायवुडचं कपाट पाणी पिऊन फुगलं असेल, त्याचे पदर सुटले असतील, तर त्यावर पैसा घालू नका. सनमायकावर रंग बसवणं अवघड, तो लवकर सोलून निघतो. नव्याने शिकणारीने तिथून सुरुवात करू नये. लाकडी कपाट, लाकडी फडताळ, लाकडी स्टूल आणि लोखंडी मांडणी, या गोष्टी आपल्या हाताला चांगल्या.

आणि ज्या वस्तूला अन्न थेट लागतं ती रंगवायची नाही. पोळपाट, लाटणं, विळीची फळी, रवी, काठवट, यांना रंग नको. सुरी-विळीच्या घावांनी रंगाचे कण भाजीत येतात. या वस्तू स्वच्छ घासून, उन्हात वाळवून थोडं खाण्याचं तेल चोळा, पुरे.

जुना रंग आणि लहान मूल

आता ज्या गोष्टीसाठी हे भाषण करावंसं वाटलं, ती सांगतो. दिवाळीनंतर आम्ही तेच कपाट पुन्हा घेतलं. या वेळी नीट घासायचं ठरवलं होतं. दोघी पॉलिश पेपर घेऊन बसल्या. आमचा नवा रंग निघाला, त्याखाली जुना गडद हिरवा रंग लागला, तोही आम्ही जोरात घासायला लागलो. हिरवी भुकटी उडत होती, साडीवर, केसांवर, फरशीवर. बाजूलाच ताईंचा दीड वर्षाचा नातू रांगत होता. हात फरशीवर, मग हात तोंडात.

तेवढ्यात आमच्या भागातल्या आशाताई आल्या. त्यांनी दारातूनच आधी मूल उचललं, त्याचे हात साबणाने धुतले आणि मग आम्हाला विचारलं, "हा रंग किती वर्षांपूर्वीचा?" कुणालाच माहीत नव्हतं. सासऱ्यांनी कधीतरी लावलेला.

मैत्रिणींनो, जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. रंग झळझळीत दिसावा, लवकर वाळावा, टिकावा म्हणून ते घालत. पिवळा, लाल, नारिंगी, हिरवा अशा भडक रंगांत ते जास्त असायचं. आपल्या देशात २०१६ साली नियम झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं असेल तर तो रंग बनवायला, विकायला किंवा बाहेरून आणायला मनाई झाली. म्हणजे आपल्या घरातले बरेचसे जुने रंग या नियमाच्या आधीचे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाचं असं कोणतंही प्रमाण माहीत नाही, ज्याला सुरक्षित म्हणता येईल. ते पोटात किंवा श्वासातून गेलं की रक्तात मिसळतं आणि हाडांत साठून राहतं. तेवढीच भुकटी पोटात गेली, तरी मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाचं शरीर चार-पाच पट जास्त शिसं शोषून घेऊ शकतं. लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या मुलात ते आणखी जास्त शोषलं जातं. त्याने मेंदूची वाढ अडते, लक्ष लागत नाही, शिकण्यात मूल मागे पडतं, रक्त कमी होतं. बाहेरून पुष्कळदा काहीच दिसत नाही. ताप नाही, उलटी नाही. गरोदर बाईच्या हाडांत साठलेलं शिसं रक्तात उतरतं आणि बाळापर्यंत पोचतं.

आमच्या त्या हिरव्या रंगात शिसं होतं की नव्हतं, हे बघून सांगता येत नाही. म्हणूनच नियम सोपा ठेवायचा. ज्या जुन्या रंगाचं वय माहीत नाही, त्यात शिसं आहे असंच धरून चालायचं. त्यासाठी आम्ही आता पाच गोष्टी पाळतो.

पहिली, मूल आणि गरोदर बाई त्या जागेत नको. काम संपून जागा पुसून होईपर्यंत नको.

दुसरी, कोरडं घासायचं नाही. वॉटर पेपर मिळतो, तो पाण्यात बुडवून, लाकडावर पाणी शिंपडून घासायचं. भुकटी उडत नाही, तिचा चिखल होतो, तो ओल्या फडक्याने पुसून घ्यायचा.

तिसरी, घट्ट बसलेला जुना रंग मुळापासून काढायचा नाही. त्याची गरजच नसते. सुटलेले पोपडे तेवढे काढायचे आणि बाकीच्या रंगाची चकाकी मोडेल एवढंच हलक्या हाताने घासायचं. जुना रंग नव्या रंगाखाली घट्ट दाबून राहिला तर तो कुणाच्या पोटात जात नाही.

चौथी, खाली प्लास्टिक अंथरायचं, नाकाला एन-९५ मास्क लावायचा. पदर किंवा ओढणी बारीक धूळ अडवत नाही. काम झाल्यावर केरसुणी फिरवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. अंगावरचे कपडे वेगळे धुवायचे, आणि हात-तोंड धुतल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायचं नाही.

पाचवी, आणि ही गावाकडच्या मैत्रिणींनी खास ऐका. रंगवलेलं जुनं लाकूड चुलीत घालायचं नाही. मोडकी खिडकी, जुन्या दाराची फळी, होडीची फळी आपण सरपण म्हणून जाळतो. त्या रंगातलं शिसं धुरात आणि राखेत जातं. त्याच धुरात आपण बसतो, त्याच राखेने कुठे भांडी घासतो, तीच राख परसातल्या भाजीला टाकतो. रंगाचे पोपडेही चुलीत नकोत. ते पिशवीत बांधून घंटागाडीवाल्याला वेगळे द्या आणि रंगाचे आहेत असं सांगा.

त्या दिवशी ताईंनी नातवाला दवाखान्यात नेऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. रक्तातलं शिसं तपासता येतं, हे आम्हाला तिथेच कळलं. तुमच्याकडे असं काही झालं असेल तर घाबरू नका, पण डॉक्टरांपासून लपवूही नका.

धुणं, वाळवणं, घासणं

आता कामाचा क्रम सांगतो.

अर्धी बादली कोमट पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवा. हातात रबरी मोजे घाला, सोड्याने कातडी सोलते. फडकं बुडवून, पिळून, कपाट वरपासून खालपर्यंत पुसा. हँडलच्या भोवती आणि शेगडीकडच्या बाजूला जास्त वेळ द्या, थर तिथेच जाड असतो. मग स्वच्छ गोड्या पाण्याने दोनदा पुसून घ्या, सोडा राहता कामा नये. खारी हवा असेल तर तिसऱ्यांदा.

थर निघाला की नाही हे कसं ओळखायचं? लाकडावर पाण्याचे थेंब शिंपडा. पाणी पसरलं तर जागा स्वच्छ. अळूच्या पानावर राहतात तसे गोल थेंब राहिले तर तेल अजून आहे, पुन्हा धुवा.

मग दोन दिवस सावलीत, वारा लागेल अशा जागी वाळू द्या. कडक उन्हात ठेवलं तर फळ्या वाकतात. वाळल्यावर आधी सांगितलं तसं ओलं घासा, १२० नंबरच्या कागदाने सुरुवात, २२० नंबरने शेवट. पुसून पुन्हा एक दिवस वाळवा.

खिळ्यांची भोकं आणि फटी लांबीने भरतात. तयार लांबी डब्यात मिळते. जुने रंगारी खडूची पावडर आणि जवसाचं उकळलेलं तेल मळून ती करतात. तशी केलीत तर एक लक्षात ठेवा, जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा, मगच टाका. लांबी पत्तीने सपाट करा आणि वाळल्यावर हलकं घासा.

प्रायमर आणि दोन पातळ हात

प्रायमर म्हणजे लाकूड आणि रंग यांना धरून ठेवणारा थर. पैसे वाचवायला आपण नेमका तोच वगळतो. लाकडासाठी वुड प्रायमर, लोखंडासाठी रेड ऑक्साइड प्रायमर. लोखंडासाठी पूर्वी 'रेड लेड' नावाचा लाल रंग वापरत, त्यात शिसंच असायचं. नावं जवळजवळ सारखी आहेत, म्हणून दुकानात 'रेड ऑक्साइड' असं स्पष्ट सांगा.

रंग घेताना डब्यावर कंपनीचं नाव-पत्ता, बनवल्याची तारीख आणि शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नाही, असं लिहिलेलं बघा. पहिल्या वेळी आम्ही एका दुकानातून लेबल नसलेल्या डब्यातला सुट्टा रंग स्वस्त म्हणून आणला होता. पन्नास-साठ रुपये वाचले, पण आत काय आहे ते कुणालाच सांगता आलं नसतं. तसा रंग घेऊ नका.

तेलाचा रंग की पाण्याचा? ऑइल पेंट, म्हणजे इनॅमल, टिकाऊ आणि पुसायला सोपा, पण त्याचा वास दोन-चार दिवस राहतो, पातळ करायला टर्पेंटाइन लागतं आणि एक हात वाळायला रात्र जाते. आता पाण्यात मिसळणारं इनॅमलही मिळतं. त्याला वास कमी, ब्रश पाण्याने धुता येतो, चार तासांनी दुसरा हात देता येतो. घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर आम्ही पाण्याचंच सुचवतो.

किती रंग आणायचा? हिशेब सोपा आहे. आमचं कपाट पाच फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल. दोन्ही बाजू मिळून १५ चौरस फूट, पाठ १५, वरची फळी साडेचार आणि जाळी सोडून दारांची चौकट साधारण आठ. झाले साडेबेचाळीस. दोन हातांचे पंच्याऐंशी. एक लिटर रंग एका हाताला साधारण शंभर चौरस फूट तरी पुरतो. म्हणजे एक लिटर रंग आणि अर्धा लिटर प्रायमर पुष्कळ. आतल्या फळ्या आम्ही रंगवल्या नाहीत, नुसत्या धुऊन वाळवल्या. प्रायमर, रंग, कागद, लांबी, ब्रश आणि मास्क धरून आमचा खर्च हजार रुपयांच्या आत राहिला. नवीन कपाटासाठी ताईंनी दहा हजारांचं कर्ज मागितलं होतं.

लावताना ब्रश डब्यात अर्धाच बुडवा. लाकडाच्या रेषेच्या दिशेने पातळ हात द्या. पहिल्या हातानंतर खालचं थोडं दिसलं तर दिसू द्या, दुसऱ्या हाताने ते झाकलं जातं. दाट हात वरून वाळतो, आत ओला राहतो आणि सुरकुततो. जाळीला रंग लावू नका, छिद्रं बुजली तर हवा खेळणार नाही. जाळी गंजली असेल तर ती काढून नवीन बसवा.

लोखंडी मांडणी असेल तर तारेच्या ब्रशने गंज काढा, तिथेही मास्क हवाच. पुसून त्याच दिवशी रेड ऑक्साइड लावा. समुद्राकडच्या हवेत घासलेलं लोखंड रात्रभर उघडं राहिलं तर सकाळी पुन्हा तांबूस दिसतं. पायांच्या तळाला विसरू नका, फरशी धुतल्यावर पाणी तिथेच साचतं.

रंग पडवीत किंवा अंगणात लावा. आत लावणं भाग असेल तर खिडक्या उघड्या, गॅसचा रेग्युलेटर बंद, चूल विझलेली, उदबत्तीसुद्धा नको. टर्पेंटाइन आणि थिनर भडकन पेटतात. रंग पातळ करायला रॉकेल किंवा पेट्रोल तर कधीच वापरू नका. हाताला लागलेला ऑइल पेंट थोडं गोडेतेल चोळून, मग साबणाने काढा, थिनरने नाही. आणि हात कोरडा लागला म्हणजे रंग पिकला असं नाही. कपाट निदान आठ दिवस रिकामं ठेवा, मग भांडी मांडा.

पाऊस सोडून कधीही

कोकण आणि किनाऱ्याकडच्या मैत्रिणींनी जून ते सप्टेंबर हे काम काढू नये. होड्यांना तेवढेच दिवस मिळतात म्हणून त्या उघडीप बघून रंगवल्या जातात, आपल्या कपाटाला तशी सक्ती नाही. दिवाळीनंतरचा कोरडा वारा सगळ्यात चांगला.

आम्ही गटात आता एक पेटी ठेवली आहे. दोन ब्रश, पत्ती, तारेचा ब्रश, रबरी मोजे, प्लास्टिकचा मोठा कागद. बैठकीत ठराव करून घेतली, वहीत नोंद आहे. जिला काम काढायचं ती नेते, धुऊन परत आणते, मास्क आणि कागद आपले आपण आणते. कामाला दोघी-तिघी जातात आणि एक जण त्या घरातलं लहान मूल आपल्याकडे घेऊन बसते. हे शेवटचं काम आम्ही सगळ्यात आधी वाटून घेतो.

कार्यक्रमानंतर आलेले काही प्रश्न

*आमच्या कपाटाला रंग नाही, पॉलिश आहे. त्यावर रंग बसेल का?*
बसेल. धुऊन, चकाकी मोडेल इतकं घासा आणि प्रायमर नक्की लावा. पण लाकूड सागाचं असेल आणि रेषा सुंदर असतील तर आधी नुसतं धुऊन बघा. पुष्कळदा मळ निघाला की खालचं पॉलिश चांगलं निघतं आणि रंगाची गरजच राहत नाही.

*अंगणवाडीतल्या मुलांच्या खुर्च्या, पाट आम्ही गटाने रंगवले तर चालेल का?*
फार चांगलं काम. पण तिथे सगळे नियम दुप्पट पाळा. सुट्टीच्या दिवसांत करा, लेबल बघूनच रंग घ्या, जुना रंग ओलाच घासा आणि रंग पूर्ण पिकल्यावरच मुलांना बसवा. मुलं कडा चावतात, हे विसरू नका.

*उरलेल्या रंगाचं काय करायचं?*
डब्याचं झाकण ठोकून घट्ट बसवा, वर रंगाचं नाव आणि तारीख लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. वर्षभरात कुठे खरचटलं तर तोच रंग उपयोगी पडतो. अगदी थोडा उरला तर जुन्या पुठ्ठ्यावर पसरून वाळवा. मोरीत, ओढ्यात, विहिरीजवळ ओतू नका.

*ते कपाट आता कसं आहे?*
त्यानंतर दोन पावसाळे गेले. एका पायाजवळ रंग थोडा सुटलाय, कारण तिथे पाण्याची वाटी असते. ताईंनी तेवढी जागा घासून पुन्हा एक हात दिला. बाकी सगळं जागेवर आहे. रंग पूर्वीचाच निवडला, हिरवा. म्हणाल्या, सासूबाईंना तोच ओळखीचा.

तर मैत्रिणींनो, एवढंच लक्षात ठेवा. कपाट रंगवायला दोन दिवस, त्याच्या आधीच्या कामाला एक आठवडा. आणि घासायला बसण्याआधी घरातलं लहान मूल कुठे आहे, ते बघा. तुमच्या गटाने कपाट, मांडणी, स्टूल काही रंगवलं असेल तर आम्हाला कळवा. फसलं असेल तर आधी कळवा, त्यातूनच सगळ्यांना शिकायला मिळतं.